कॅल्शियम रिअ‍ॅक्टर आणि आबा

मी गेली एकोणीस वर्षं खारघरच्या एका ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारली की ती दुधाळ होते आणि तशीच फुंकत राहिलं की पुन्हा स्वच्छ होते, हे मी दर वर्षी अकरावीच्या मुलांना करून दाखवते. दुधाळ होणं सगळ्यांना आठवतं, कारण ते शाळेत झालेलं असतं. पुन्हा स्वच्छ होणं कुणाच्याच लक्षात नसतं. कार्बन डायऑक्साइड जास्त झाला की चुनखडी पाण्यात विरघळते, एवढीच ती गोष्ट. फळ्यावर एका ओळीत मावते. माझ्याच घरात, माझ्याच टाकीखाली ही एक ओळ चालवायला मला अडीच महिने लागले, आणि अजूनही ती मला जमली असं मी म्हणणार नाही.

नेरूळला सारसोळ्याच्या बाजूला आमचा फ्लॅट आहे. राहतो दोघंच, मी आणि आबा. मी लग्न केलं नाही, आणि त्याची वेगळी अशी काही गोष्ट नाही. आबा म्हणजे माझे वडील, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका केमिकल कारखान्यात त्यांनी पंप फिटर म्हणून सगळी नोकरी काढली आणि त्या पंपांनी त्यांचे कान नेले. कानाचं मशीन घेऊन दिलंय. ते डबीत असतं आणि डबी कपाटात असते. निवृत्त झाल्यावर ते आणि आई कराडकडे गावी जाऊन राहिले होते. आई गेल्यावर आबा एक बॅग आणि पान्यांची एक पेटी घेऊन माझ्याकडे आले. पान्यांची कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाले, असू दे.

टाकी मात्र माझी. हॉलमध्ये दिवाणासमोर चार फुटांची काचेची टाकी, तिच्यात मीठ घालून बनवलेलं समुद्रासारखं पाणी, सहा मासे आणि जिवंत प्रवाळ. प्रवाळ म्हणजे रंगीत दगड नव्हेत, ते प्राणी आहेत. पाण्यातला चुना ओढून घेऊन स्वतःचं हाड बांधत वाढतात. मी आणले तेव्हा अंगठ्याएवढे तुकडे होते. त्यातलं जांभळ्या टोकांचं, झुडपासारख्या फांद्यांचं एक प्रवाळ चार वर्षांत दोन ओंजळींएवढं झालं. वाढ झाली तशी भूकही वाढली. रोज सकाळी कॉलेजला निघण्याआधी मी दोन बाटल्यांमधून मापाने औषधासारखी द्रावणं घालायचे, तरी पुरेना. एक दिवस चुकला की पाण्याची अल्कलिनिटी, म्हणजे विरघळलेल्या चुन्याचं माप, घसरायची. हा आकडा माझ्या टाकीत साडेआठच्या आसपास असतो. तो थोडा कमी असलेला चालतो, थोडा जास्त असलेला चालतो. रोज वरखाली झालेला चालत नाही. प्रवाळांना तेवढं एकच सोसत नाही.

यावर उपाय म्हणजे कॅल्शियम रिअ‍ॅक्टर. गुडघ्याएवढं उंच पारदर्शक नळकांडं, आत चुनखडीचे मटारएवढे खडे. ते टाकीखालच्या कपाटात ठेवायचं. त्यात टाकीचं पाणी येतं, सिलिंडरमधून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सोडले की पाणी आंबट होतं, खडे सावकाश विरघळतात आणि ते चुन्याने भरलेलं पाणी दुसऱ्या बारीक नळीतून थेंब थेंब टाकीत परत पडतं. बाजूचा छोटा पंप पाणी खड्यांमधून फिरवत राहतो. पीएच मोजणारी एक कांडी आत बुडवलेली असते. तिला प्रोब म्हणतात. पीएच ठरवलेल्या आकड्याच्या खाली गेला की कंट्रोलर गॅस बंद करतो, वर गेला की चालू करतो. एकदा बसवलं की माणसाने काही करायचं नाही, असं मला वाटलं होतं.

खोकं आलं त्या रविवारी मी सकाळपासून बसले. दुपारी जेवायच्या वेळेला सगळं जोडून झालं होतं, एक सोडून. बाहेरून मागवलेला गॅसचा रेग्युलेटर तुर्भ्याहून भरून आणलेल्या सिलिंडरवर बसेना. मी दोनदा फिरवून पाहिला, तिसऱ्यांदा जरा जोर लावला. आबा दिवाणावर पेपर वाचत होते. पेपर खाली न घेताच म्हणाले, "आटे वेगळे आहेत."

"थोडं घट्ट बसेल."

"बसणार नाही. इथल्या सिलिंडरला इथले आटे लागतात. मधे तुकडा करून घ्यावा लागेल."

असा तुकडा तयार मिळतो का, हे मी आठवडाभर शोधलं. एका दुकानदाराने पाठवला, तो तिसऱ्याच मापाचा निघाला. पुढच्या रविवारी आम्ही दोघं सिलिंडर आणि रेग्युलेटर पिशवीत घालून रिक्षाने कळंबोलीला गेलो. लोखंड बाजाराच्या मागच्या अंगाला, उभ्या ट्रकांच्या रांगेमागे एक लेथवाला आबांना कुणीतरी सांगितला होता. पन्नाशीचा माणूस, हातभर ग्रीस. आबांनी खिशातून आटे मोजायचा गेज काढला, तेव्हा त्याने मशीन थांबवलं.

"काका, गाव कुठलं म्हनायचं?"

"कराडच्या अलीकडं. उंब्रज."

"मी पाटणचा." त्याने आबांना स्टूल दिलं. मी उभीच होते. "गॅस कसला जायचा ह्यातनं?"

"कार्बन डायऑक्साइड," मी म्हणाले.

"वेल्डिंगला?"

"नाही. माशांच्या टाकीला."

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मग आबांकडे. आबा म्हणाले, "माशांना नाही. प्रवाळ असतंय समुद्रात, त्याला चुना लागतो. चुना पाण्यात नुसता विरघळत नाही, गॅस सोडला की विरघळतो. सत्तर बार दाब धर, भिंत जाड ठेव."

अकरावीच्या वर्गात मी याला दोन तास घेते. लेथवाल्याने मान हलवली आणि पितळेची कांडी मशीनला लावली. पितळेचा कीस खाली पडत होता आणि दोघं गावाकडच्या कुठल्याशा कालव्याबद्दल बोलत होते.

घरी येऊन तो तुकडा बसवला आणि साबणाचं पाणी लावलं. फुगे आले. आबा म्हणाले, आटे एक-दोन फेरे कमी पडलेत, परत जाऊ. मी म्हणाले, वॉशर आहे. मी वॉशर बदलला, मोठ्या पान्याने आवळला, फुगे कमी झाले, आणि मी तेवढ्यावर समाधान मानून सिलिंडर उघडा ठेवला. बुधवारी रेग्युलेटरचा काटा शून्यावर होता. भरलेला सिलिंडर तीन दिवसांत कपाटात नुसता निघून गेला होता. पुढच्या रविवारी पुन्हा तुर्भे, पुन्हा कळंबोली. लेथवाल्याने तुकडा हातात घेतला, आटे मोजले आणि म्हणाला, "दोन फेरं कमी पडल्यात."  आबा 'मी सांगितलं होतं' असं म्हणाले असते तर बरं झालं असतं.

प्रोबला आधी आकडे शिकवावे लागतात. ज्याचा पीएच माहीत आहे अशा द्रावणात बुडवायचं आणि यंत्राला सांगायचं, हे सात, हे चार. ती द्रावणं विकत मिळतात, पण माझ्या हाताशी कॉलेजची प्रयोगशाळा आहे. मीच गेल्या सत्रात बनवून ठेवलेल्या बाटल्या होत्या, माझ्याच अक्षरातली लेबलं. सातच्या बाटलीच्या तळाशी कापसासारखा एक बारीक धागा दिसत होता. मी बाटली हलवली. धागा दिसेनासा झाला. त्यात प्रोब बुडवला आणि यंत्राला सांगितलं, हे सात.

रिअ‍ॅक्टर चालू झाला. कंट्रोलरवर मी सहा पूर्णांक सात लावलं. पडद्यावर आकडा हळूहळू उतरत सहा पूर्णांक सातवर आला आणि तिथे थांबला. नळीतून थेंब पडू लागले. मी खुर्ची ओढून समोर बसले आणि बराच वेळ नुसती बघत राहिले. आबांनी वाकून पंपावर तळहात ठेवला, जसा ताप बघायला ठेवतात तसा, आणि उठून गेले.

तिसऱ्या दिवशी मी कॉलेजहून आले तेव्हा ते म्हणाले, "तुझा पंप एअर घेतोय."

"थोडा आवाज असतोच त्याचा."

"आवाज मला कुठं ऐकू येतोय. हाताला लागतंय."

"आबा, सहा पूर्णांक सात आहे. हे बघा ना."

त्यांनी चष्मा लावून पडदा पाहिला. "ते असेल. पंप एअर घेतोय."

बघते, असं मी म्हणाले. पाहिलं नाही. दोन दिवसांनी मी पेपर तपासत असताना ते पुन्हा आले. "गॅस जास्त होतोय. वर साठतोय आणि पंपात उतरतोय." मी लाल पेन खाली ठेवलं आणि त्यांना समजावून सांगितलं. गॅस जास्त झाला तर पीएच खाली जाईल, पीएच खाली गेला तर कंट्रोलर गॅस तोडेल, म्हणून गॅस जास्त होऊच शकत नाही. मुलांना सांगते तसंच सांगितलं, शेवटी "कळलं ना?" असंही म्हणाले. आबांनी सगळं ऐकून घेतलं. "हं," म्हणाले आणि स्वयंपाकघरात चहा टाकायला गेले.

त्यानंतरचे पंधरा दिवस मी आयुष्यात विसरणार नाही, इतके ते वैतागाचे गेले. मी रोज सकाळी आणि संध्याकाळी अल्कलिनिटी मोजत होते. आकड्यांना काही शिस्तच नव्हती. सकाळी नऊ, संध्याकाळी आठ. मंगळवारी दिवसभर चढला, बुधवारी उतरला, गुरुवारी हललाच नाही. मी गॅसचे बुडबुडे वाढवले, दुसऱ्या दिवशी आकडा खाली. कमी केले, वर. थेंबांची नळी बदलली. टेस्ट किटवर संशय आला म्हणून दुसरं किट आणलं. ते पहिल्याशी तंतोतंत जुळलं आणि मला आणखीच राग आला. ग्राफ पेपरवर बिंदू मांडले, तर लहान मुलाने रेघोट्या ओढाव्यात तसं दिसत होतं. ज्या दुकानातून मी मासे घेते त्या दुकानदाराला फोन केला, तर तो म्हणाला, "मॅडम, रिअ‍ॅक्टर टेन्शनच आहे. मी तर कस्टमरला नको सांगतो." हे त्याने मला आधी सांगितलं नव्हतं.

कॉलेजात मी विनाकारण चिडायला लागले. एका मुलीने प्रयोगात आलेला आकडा खोडून पुस्तकातला लिहिला होता. तिला मी सगळ्यांसमोर बोलले, "आकडा जो येतो तो लिहायचा, त्याच्याशी भांडायचं नाही." घरी येऊन मी तेच करत होते.

एका शनिवारी दुपारी मी घरी होते. सारसोळ्याची एक कोळीण एक दिवसाआड आमच्या इमारतीत मासे घेऊन येते, बरीच वर्षं. आबा दाढी करायला खाली गेले होते. तिने पाटी उतरवली, बोंबील दाखवले आणि हॉलमध्ये डोकावून म्हणाली, "बाबा कुटं हान?"

"सलूनमध्ये गेलेत."

"मंग आज त्या बाटल्याची चावी कोन बंद करनार?"

मला आधी कळलंच नाही. "कुठल्या बाटल्याची?"

तिने टाकीखालच्या सिलिंडरकडे बोट दाखवलं. "मी येतंय तवा ते रोज तितं बसलेलं असतान. त्या पंपावर हात ठेवून. मंग चावी फिरवतान. मी इचारलं, बाबा काय करताव, त बोलले, पोरगी यायच्या आगोदर परत चालू करतंय." मग माझा चेहरा बघून ती थांबली. "तुला म्हाईत नाय?"

मी बोंबील घेतले का नाही ते आता आठवत नाही. आबा परत आले तेव्हा मी दारातच उभी होते.

"तुम्ही रोज गॅस बंद करता?"

त्यांनी चपला काढल्या, नीट जोडून ठेवल्या. "रोज नाही. हाताला लागलं तर."

"किती दिवस?"

"चालू केल्यापासून पाच-सहा दिवसांनी. तुला सांगितलं तेव्हा तू म्हणालीस, होऊच शकत नाही."

"मग परत सांगायचं. मी इथे रोज दोनदा मोजतेय, ग्राफ काढतेय, वेड लागायची पाळी आलीय, आणि तुम्ही इथे बसून बघताय?"

"तू कामात होतीस."

मला वाटतं ते वाक्य त्यांनी सहज म्हटलं होतं. माझा मात्र तोल गेला. मी म्हणाले की माझे पंधरा दिवस तुम्ही वाया घालवलेत. हा तुमचा कारखाना नाही, असंही म्हणाले. यात केमिस्ट्री आहे, ती तुम्हाला कळत नाही, असंही. त्यांना ऐकू यावं म्हणून मी मोठ्याने बोलत होते, त्यामुळे सगळं होतं त्यापेक्षा वाईट ऐकू येत असणार. शेवटी म्हणाले, "यापुढे त्याला हात लावायचा नाही."

"बरं," आबा म्हणाले.

त्या रात्री ते नेहमीसारखे जेवले. फक्त जेवताना टाकीकडे पाठ करून बसले.

रविवारी मी सगळं पहिल्यापासून लावलं. सोमवारपासून मला पनवेलच्या एका कॉलेजात बारावीच्या प्रॅक्टिकल परीक्षेला बाहेरची परीक्षक म्हणून जायचं होतं. चार दिवस सकाळी लवकर निघायचं, संध्याकाळी दमून यायचं. आल्यावर मी पडदा बघायचे. सहा पूर्णांक सात, तिन्ही दिवस, जराही हलला नाही. शेवटी सुधारला एकदाचा, असं मला वाटलं. इतकं वाटलं की मी अल्कलिनिटी मोजलीच नाही. आबांशी बोलणं कामापुरतं चालू होतं. भाजी काय आणू, गॅसवाला येऊन गेला का, एवढंच.

गुरुवारी सहाच्या सुमाराला घरी आले आणि दार उघडताच पंप ऐकू आला. डब्यात खडे हलवल्यासारखा खडखडत होता. मासे सगळे पाण्याच्या वरच्या थराला येऊन तोंडं उघडमीट करत होते. जांभळ्या प्रवाळाची टोकं पांढरी पडली होती, भाजल्यासारखी, आणि बुडाजवळची कातडी सुटून पाण्यात लोंबत होती. रिअ‍ॅक्टरच्या नळकांड्यात वरचा चार बोटं भाग नुसता गॅसने भरला होता आणि खाली खड्यांचा अर्धा चिखल झाला होता. पडद्यावर सहा पूर्णांक सात.

मी सिलिंडर बंद केला, खिडक्या उघडल्या, हवेचा पंप शोधून काढून पाण्यात सोडला. अल्कलिनिटी मोजली. तेरा. पुन्हा मोजली. तेराच. पाणी बदलायला बादल्या काढल्या तेव्हा आबा स्वयंपाकघराच्या दारात उभे होते.

"तुम्हाला कळलं होतं?" मी विचारलं.

"परवा लागलं हाताला."

"हात लावलात ना मग. बोलला का नाहीत?"

"हात लावू नको म्हणालीस. लावला तो लावला, वर सांगू कसा?"

मला त्यांचा प्रचंड राग आला. ते माझ्यावर सूड घेत नव्हते, हे मला माहीत होतं. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाने बरं म्हटलं आणि पाळलं. दोन दिवस तो खडखडणारा पंप बघत, आतले मासे बघत गप्प राहिला. मी तसं करायला सांगितलं होतं. मी म्हणाले, "ती दुसरी बादली द्या." त्यांनी दिली. आम्ही दोघांनी मिळून निम्मं पाणी बदललं. ते वाकले की त्यांचा गुडघा वाजत होता.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली. दुकानातून सातच्या द्रावणाची नवी बंद पाकिटं आणली, एक फोडून त्यात प्रोब बुडवला. पडद्यावर आलं, सात पूर्णांक सहा. मी दुसरं पाकीट फोडलं. सात पूर्णांक सहा. माझ्या लेबलाची बाटली बॅगेत होती, ती खिडकीत उजेडाला धरली. तळाशी बुरशीचा एक अख्खा पुंजका झाला होता. ते द्रावण कधीच सात राहिलं नव्हतं. मी यंत्राला पहिल्याच दिवशी खोटं शिकवलं होतं आणि ते इमानाने तेवढंच सांगत राहिलं. पडदा सहा पूर्णांक सात म्हणायचा तेव्हा आत सहा पूर्णांक एक असायचं. गॅस जवळजवळ सारखाच वाहत होता. त्या पंधरा दिवसांत टाकी टिकली ती दुपारी कुणीतरी तीन-चार तास सिलिंडर बंद करत होतं म्हणून.

हे मला आबांना सांगायचं नव्हतं, असं लिहिलं तर वाईट दिसेल, पण खरं आहे.  शेवटी उठले, त्यांना बोलावलं, पडदा दाखवला, बाटली दाखवली.

"म्हणजे काटा चुकीचा दाखवत होता?" त्यांनी विचारलं.

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. माझ्यामुळे."

त्यांनी बाटली हातात घेऊन झाकण उघडलं, वास घेतला आणि परत लावलं. "आमच्याकडं दाबाचे गेज वर्षातून दोनदा तपासायला जायचे," एवढंच म्हणाले. त्यांच्या जागी मी असते तर किमान एक वाक्य जास्त बोलले असते.

मासे सगळे वाचले. प्रवाळांपैकी तीन गेले. जांभळं मरायला नऊ दिवस लागले. रोज थोडी कातडी सुटायची आणि खाली पांढरं हाड उघडं पडायचं. मी जिवंत फांद्या कापून वेगळ्या लावल्या, त्याही गेल्या. दहाव्या दिवशी ते काढून वर्तमानपत्रावर ठेवलं तेव्हा आबा म्हणाले, "हे पण चुन्याचंच ना? फोडून रिअ‍ॅक्टरमध्ये घाल, बाकीच्यांना उपयोग होईल." रसायनशास्त्राच्या दृष्टीने त्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं. पुष्कळ लोक तसं करतातही. मी उठून गॅलरीत गेले आणि बराच वेळ आत आले नाही. आल्यावर पाहिलं तर त्यांनी ते वर्तमानपत्रासकट उचलून माझ्या टेबलावर, पुस्तकांशेजारी ठेवलं होतं.

रिअ‍ॅक्टर आता चालू आहे. नवे खडे, नवी द्रावणं, आणि दर पंधरा दिवसांनी प्रोबची तपासणी. सिलिंडरला हात लावायची आबांना मोकळीक आहे, फक्त फ्रिजवर लावलेल्या पांढऱ्या फळ्यावर लिहून ठेवायचं असं ठरलंय. ते लिहितात. "१.१० बंद. ३.४० चालू." मी म्हणाले, कारण पण लिहा. दुसऱ्या दिवसापासून ते "१.१० बंद. पंप." असं लिहू लागले. त्यावरून मला काय कळायचं, ते त्यांनाच माहीत. आता ते महिन्यातून एखाद्या वेळी लिहितात. अल्कलिनिटी बरेच दिवस आठ पूर्णांक चार ते आठ पूर्णांक सहाच्या मध्ये आहे. याचा मला जेवढा आनंद व्हायला हवा तेवढा होत नाही, कारण तो आकडा माझ्या कंट्रोलरमुळे आहे की त्यांच्या हातामुळे, हे मला ग्राफवरून सांगता येत नाही.

गेल्या रविवारी सकाळी मी त्यांना कानाचं मशीन लावायला लावलं. समोर बसवलं. वर्गात बोलते तसं एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "आबा, त्या दिवशी मी जे बोलले ते चुकीचं होतं. तुम्हाला कळत नाही असं मी म्हणायला नको होतं."

त्यांनी ऐकलं. या वेळी ऐकू आलं याची मला खात्री आहे. त्यांनी मशीन कानातून काढलं, डबीत ठेवलं आणि टाकीखाली बोट दाखवून म्हणाले, "ते असू दे. ती थेंबांची नळी मागं वळलीय बघ. आधी ती सरळ कर."

मी गुडघ्यावर बसून आत पाहिलं. नळी खरोखरच वळली होती. मी ती सरळ केली. ते पाठीमागे उभे राहून म्हणाले, अजून थोडी.